गेवराई-शहागड रस्त्यावर पद्मिनी बंद पडली तेव्हा भेटलेला अ‍ॅम्बॅसॅडरवाला माणूस

अंबाजोगाई_पद्मिनी

मंडळी, ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याचं नाव-गाव इथं येणार नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. पण त्यांनी काय केलं हे आपल्या भागात जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, वडिलांनी घेतलेली. मे महिन्यात आई आणि बायकोला घेऊन अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. केज, नेकनूर, मांजरसुंबा, पुढं घाट उतरून बीड, सगळं झकास. गेवराई सोडली आणि शहागडचा गोदावरीचा पूल यायच्या आधी गाडी मिसिंग करायला लागली. सायलेन्सरमधून फाट फाट आवाज आले आणि सपाट रस्त्यावर गाडी बंद पडली.

दुपारचे बारा वाजून गेलेले. बोनेटला हात लावता येत नव्हता. सावलीला कडेला एक बाभूळ तेवढी. आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, तिला बीपीचा त्रास. बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या. काहींनी वेग कमी करून मोबाईलवर फोटो काढले आणि पुढं गेले.

पहिला संशय पेट्रोलवर. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ धरते, हे आपल्याकडं नेहमीचं. दस्ती भिजवून पंपावर टाकली, थोडं थांबलो. नळी कार्बोरेटरपासून काढून बायकोला सेल्फ मारायला सांगितलं तर पेट्रोलची पिचकारी व्यवस्थित. म्हणजे पेट्रोल येत होतं. मग प्लगसाठी जोराचा करंट बनवणाऱ्या कॉइलची मधली वायर इंजिनच्या अंगाजवळ धरून पाहिलं. ठिणगी पडत होती, पण पिवळट, मरतुकडी. टणक निळी ठिणगी नव्हती.

तेवढ्यात मोसंबीचे रिकामे क्रेट भरलेला एक पिकअप पुढं जाऊन थांबला आणि रिव्हर्स घेत मागं आला. साठीच्या आसपासचे गृहस्थ उतरले. पहिलं वाक्य होतं, "फियाट कामून उभी हाय ही?" (पद्मिनीला आपल्याकडं फियाटच म्हणतात.) मी सांगायला लागलो तर त्यांचं अर्धं लक्ष गाडीकडं. डॅशबोर्ड पाहिला, स्टिअरिंगचा गिअर हलवून पाहिला आणि म्हणाले, "लै जपली. आमच्याकडं अ‍ॅम्बॅसॅडर हाय, मार्क फोर. म्हाताऱ्यानं घेतलेली."

त्यांनी आधी आईला आणि बायकोला पिकअपमध्ये बसवून मुलासोबत आपल्या वस्तीवर पाठवलं. वस्ती रस्त्यापासून जवळच. "गाडी कवाबी नीट व्हईल, मायला उन्हात बसवू नका." हे झाल्यावरच पेचकस हातात घेतला.

आता जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा काढून कॅप बाजूला केली. आतला पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, उघडून पाहिला तर एका बाजूला बारीक खड्डा, दुसऱ्या बाजूला त्याच मापाचं टेकाड, आणि दोन्ही काळेनिळे. मला म्हणाले, सेल्फ मारा. भर दुपारच्या उजेडात काही दिसेना. तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून बोनेटवरून खाली सोडलं, त्या अंधारात डोकं घातलं, आणि मला परत सेल्फ मारायला लावला. "या, बगा." मी डोकं घातलं, ते सीटवर जाऊन बसले. प्रत्येक वेळी पॉइंट उघडला की तिथं चांगली जाड ठिणगी उडत होती. "कंडेन्सर गेला तुमचा. करंट इथंच जळतोय, प्लगला काय जाईल?"

माझ्याकडं स्पेअर पॉइंट होता, कंडेन्सर नव्हता. गेवराईत त्यांनी फोन लावून पाहिले, कुणाकडं नाही. पॉइंटच्या गाड्याच उरल्या नाहीत तर दुकानदार ठेवतील कशाला. ते मोटरसायकलवाल्या एकाला थांबवून त्याच्या मागं बसून गेले आणि बऱ्याच वेळानं आले. हातात कंडेन्सर. अ‍ॅम्बॅसॅडरचा. मला वाटलं घरात पडलेला असेल. तो त्यांच्या चालू गाडीतून काढून आणलेला होता. ती गाडी ते दर अमावस्येला धुऊन चालू करतात, एक चक्कर मारतात. मी म्हणालो, "अहो, तुमची गाडी बंद पडली की मग." तर म्हणाले, "ती शेडात उभी हाय, तिला काय ऊन लागतंय?"

तो कंडेन्सर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बसत नाही, मापच वेगळं. त्यांनी जुन्याची वायर सोडवून टाकली, हा नवा कॉइलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली आवळला म्हणजे त्याची बॉडी अर्थ झाली, आणि त्याची वायर कॉइलच्या त्या टोकाला जोडली जिथून पॉइंटला वायर जाते. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला. गॅप मोजायचा फिलर गेज नव्हता, तर एका लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून त्यावर गॅप धरला. सेल्फ मारला, अर्ध्या फेरीत गाडी चालू. आवाज असा गोल की कालच सर्व्हिसिंग झालंय.

वस्तीवर गेलो तर आई पंख्याखाली, हातात ताकाचा गिलास, त्यांच्या घरच्यांशी गप्पा चाललेल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही. पैशाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी हात परत खिशात घातला. फक्त एवढं म्हणाले, "सवडीनं कंडेन्सर आणून द्या. अन् जमलं तर हीच गाडी घेऊन या, पोरांना दाखवायचीय."

गाडी त्याच जोडणीवर संभाजीनगरला गेली आणि परत अंबाजोगाईलाही आली.

कार्बोरेटर

वाचून फार बरं वाटलं. त्या काकांचं निदान एकदम शास्त्रशुद्ध आहे, नवीन लोकांसाठी थोडं लिहितो.

पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतला प्रवाह झटक्यात तुटायला हवा. तो जितका झटक्यात तुटेल तितकं चुंबकीय क्षेत्र जोरात कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर त्या क्षणी प्रवाहाला जागा देतो, त्यामुळं उघडणाऱ्या पॉइंटवर ठिणगी टिकत नाही. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंटवरच आग, प्लगला मरतुकडा करंट आणि सायलेन्सरमध्ये फटाके. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड ही त्याचीच खूण.

दुसऱ्या गाडीचा कंडेन्सर चालतो कारण या सगळ्यांची किंमत साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. आणि बाहेर बसवला तर उलट चांगलं, इंजिनच्या उष्णतेपासून थोडा लांब राहतो. मी तर म्हणेन, एक जास्तीचा कंडेन्सर आधीच कॉइलच्या क्लॅम्पला आवळून ठेवा, वायर मोकळी. वेळ आली की जुना सोडवायचा, याची वायर जोडायची.

जालन्याची_जीप

काकांना नमस्कार सांगा. पण एक विचारतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवत नाही? पॉइंट आणि कंडेन्सर दोन्हीची कटकट जाते. माझ्या जीपला बसवलंय, स्टार्टिंग सुधारलं, पेट्रोलही कमी लागतं. आई-बाबांना घेऊन प्रवास करायचा तर भरवशाची वस्तू हवी.

अंबाजोगाई_पद्मिनी

तुमचा मुद्दा कळतो, आणि घरचे लोक सोबत असताना भरवसा हवाच. पण मला वाटतं भरवसा दोन प्रकारचा असतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल सहसा बिघडत नाही, पण बिघडलं तर गेवराई-शहागडच्या मध्ये ते कोण दुरुस्त करणार? माझी गाडी एका शेतकऱ्यानं पेचकस, पॉलिश पेपर आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा भाग वापरून उभी केली. ते शक्य झालं कारण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत होतं.

जालन्याची_जीप

हे मान्य. म्हणूनच मी जुनी पॉइंटची प्लेट फेकली नाही, डिकीत पूर्ण जुळवून ठेवली आहे. मॉड्यूल गेलं तर प्लेट बदलायची. दोन्ही करा असं माझं म्हणणं.

मांजराकाठ

लातूरहून लिहितोय. कंडेन्सरइतकंच लक्ष आता पेट्रोलच्या रबरांकडं द्या. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडं तेच मिळतं. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) या मिश्रणासाठी बनलेलेच नाहीत. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. मागच्या वर्षी निलंग्याच्या रस्त्यावर माझा डायफ्राम असाच फाटला. पेट्रोल पंपाच्या तळातून टपकत होतं, गरम इंजिनवर. गाडी तिथंच बंद केली.

मदतीला आला तो पोरगा असेल पंचविशीचा. त्याच्याकडं स्वतःची जुनी गाडी नाही, नुसता नाद. त्यानं मोटरसायकलची रिकामी टाकी आणि नळी आणली, टाकी बोनेटजवळ कार्बोरेटरपेक्षा उंचावर बांधली, आणि पंप बाजूला ठेवून उताराच्या दाबानं पेट्रोल सोडलं. बोनेट अर्धं उघडं, दोरीनं बांधलेलं. तो स्वतःची मोटरसायकल घेऊन पुढं चालत होता, दर काही किलोमीटरला थांबून गळती बघत होता, आग विझवायला वाळूची बादली पायाशी ठेवलेली. थेट माझ्या दारापर्यंत सोडलं. त्याचं गाव उलट दिशेला होतं.

इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं, आपल्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, जीप चालवणाऱ्यांनी नळ्या बदलून घ्याव्यात. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा डायफ्राम मिळतो, तो मागून घ्या. आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

कार्बोरेटर

एक सूचना फक्त. टाकी उंचावर बांधायचा उपाय फार जोखमीचा आहे, तुमच्या त्या मुलानं काळजी घेतली म्हणून निभावलं. कुणी सहज म्हणून करू नये. टो करून नेणं बरं.

मांजराकाठ

बरोबर. तेव्हा अंधार पडत होता आणि टो करायला वाहन मिळत नव्हतं. पण तुमचं म्हणणं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

औशाचे_सर

माझं वय झालंय, गाडी विकून बरीच वर्षं झाली, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पहिल्या काही दिवसांत ज्याच्याकडं जे वाहन तो ते घेऊन तिकडं जात होता. माझ्याकडं तेव्हा फियाट होती, पद्मिनीच्याही आधीची, ११०० डिलाइट. मागची सीट काढून त्यात चादरी, बिस्किटं, सलाईनच्या बाटल्या भरल्या आणि औशाहून निघालो. पाऊस लागला होता. लामजन्याच्या अलीकडं रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी घातली आणि पाणी उडून इग्निशन ओलं झालं. गाडी ठप्प.

मागून एक अ‍ॅम्बॅसॅडर आली. तीही सामानानं भरलेली. त्या माणसानं आधी माझ्या सलाईनच्या बाटल्या स्वतःच्या गाडीत घेतल्या, कारण त्या लवकर पोचायला हव्या होत्या. मग आपल्या धोतराच्या सोग्यानं कॅप आतून-बाहेरून कोरडी केली, कॅपखालचा फिरता रोटर पुसला, प्लगच्या वायरी एकेक करून पुसल्या. तरी करंट येईना. त्यानं कॅप आपल्या पोटाशी सदऱ्याच्या आत धरून ठेवली, अंगाच्या उबेनं ओल जावी म्हणून. भर पावसात तो माणूस तसा कॅप पोटाशी धरून उभा, मी वर पोतं धरलेलं. गाडी चालू झाली. दोघं मागंपुढं किल्लारीला पोचलो. तिथं जे पाहिलं ते लिहिण्याची ही जागा नाही. त्या गर्दीत तो माणूस मला परत दिसला नाही. नाव विचारायचं राहून गेलं. अ‍ॅम्बॅसॅडर पांढरी होती, मागच्या काचेवर तुळजाभवानीचं चित्र होतं, एवढंच आठवतं. कुणाच्या घरात ही गोष्ट त्यांच्या वडिलांकडून ऐकली असेल तर इथं जरूर लिहा.

अंबाजोगाई_पद्मिनी

सर, वाचून अंगावर काटा आला. तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली.

गोदाकाठ

नांदेडहून. या सगळ्या गोष्टी वाचल्यावर एक यादी करायला हवी असं वाटतं. गेवराईच्या काकांचा नंबर द्या, तशा माणसांचे नंबर एका ठिकाणी ठेवू. मराठवाडा लांबलचक पसरलाय, देगलूरपासून कन्नडपर्यंत कुणाचीही गाडी कुठंही बंद पडू शकते.

अंबाजोगाई_पद्मिनी

भावना समजते, पण नंबर देणार नाही. ते शेतकरी माणूस आहेत. नंबर इथं आला तर रात्री-अपरात्री कुणीही फोन करेल आणि ते नाही म्हणणार नाहीत, हे मी पाहिलंय. एखादा माणूस मनानं थांबतो त्याचं आपण सेवा केंद्र करून टाकू नये.

त्यापेक्षा आपण इथं जे आहोत त्यांनी आपापल्या घरी एक डबा ठेवू. कंडेन्सर, पॉइंट, रोटर, कॅप, फॅन बेल्ट, पंपाचा किट. आपलं गाव इथं लिहायचं, फोन नाही. कुणाला लागलं तर निरोप टाकायचा. अंबाजोगाईचा डबा माझ्याकडं तयार आहे.

त्यांचा कंडेन्सर परत करायला गेलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. पद्मिनी घेऊनच गेलो. सोबत नवे कंडेन्सर आणि त्यांच्या गाडीचा पॉइंट सेट नेला होता. त्यांनी आपला जुना कंडेन्सरच मागून घेतला, म्हणाले हा चांगला चालतोय, नव्याचा भरवसा नाही. माझ्यासमोर तो अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसवला आणि पहिल्या सेल्फला १४८९ सीसीचं इंजिन गुरगुरायला लागलं. नातवंडं पद्मिनीत बसून स्टिअरिंगचा गिअर ओढत होती. नव्यातला एक त्यांनी ठेवला तो कुणासाठी, तर वाटेत कुणी भेटलं तर.

प्रवासी_धाराशिव

धाराशिवचा डबा माझ्याकडं. येडशी, तेरखेडा, येरमाळ्यापर्यंत मी येऊ शकतो. अ‍ॅम्बॅसॅडरचं सामान जास्त आहे, फियाटचं कमी.

एक वेगळा प्रश्न. माझी गाडी १९७२ ची आहे, प्रेसिडेंट, म्हणजे पद्मिनीचंच आधीचं नाव. विंटेज नोंदणी करावी का?

कार्बोरेटर

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. तुम्ही ती चालवता, तर माझ्या मते साधं नूतनीकरण करत राहा. विस्तारानं बोलायचं तर वेगळा धागा काढू, इथलं बोलणं भरकटायला नको.

जालन्याची_जीप

जालन्याचा डबा माझ्याकडं. जीपचं सगळं, शिवाय जुने पॉइंट बरेच. अंबड, शहागडपर्यंत रात्रीही येईन.

परभणी_फियाट

सगळ्यांना एक माहिती. इथलं एक जुनं स्पेअर पार्टचं दुकान बंद होतंय. मालकानं फियाटचं सामान भंगारात काढायचं ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून हे सामान कुणी विचारत नाही असं त्यांचं म्हणणं. मी हात जोडून थांबवलं. त्यांना धाग्यातली गेवराईची आणि औशाच्या सरांची गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, भंगाराच्या भावात न्या, पण गाडीलाच लावा, विकू नका.

डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, कंडेन्सर, क्लच प्लेट, काही जुन्या काचा, एक पेटी ब्रेकची रबरं. रबरं जुनी असल्यानं ती मी घेणार नाही, बाकी सगळं उचलतोय. कुणाला काय हवं ते लिहा, डब्यांमध्ये वाटून टाकू.

गोदाकाठ

नांदेडच्या डब्याला दोन कंडेन्सर, एक कॅप. क्लच प्लेट असेल तर माझ्या स्वतःच्या गाडीला हवी आहे, त्याचे पैसे वेगळे.

मांजराकाठ

लातूरला रोटर आणि कॅप. पंपाचे किट मी नव्या रबराचे मागवतोय, प्रत्येक डब्यासाठी एक. कुणी पैसे पाठवू नका.

अंबाजोगाई_पद्मिनी

परभणीकर, शनिवारी सकाळी गंगाखेडवरून येतो, पद्मिनीच आणतो. केज-अंबाजोगाई-परळी या पट्ट्यासाठी दोन कंडेन्सर आणि एक रोटर बाजूला ठेवा. काचा कोणत्या आहेत ते फोटो टाकाल का? मागची उजवी असेल तर धाराशिवकरांनी एकदा विचारलं होतं, त्यांच्या प्रेसिडेंटला बसते का बघू. रिकामी पोती आणि जुनी चादर मी सोबत आणतो, काचा गुंडाळायला.